रिव्हॉल्व्हर घ्यावं की पिस्तूल? हा वाद जगापुढं आणणारा माणूस : जॉन ब्राउनिंग

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी शारदा नाटकाचा प्रयोग ठेवला होता. जॅक्सन नाटकाला आला आणि अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. पुढं अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

हा इतिहास बहुतेकांनी शाळेत वाचलेला असतो. त्यातला एक शब्द मात्र आपण वाचून पुढं जातो. तो शब्द म्हणजे ब्राउनिंग.

लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर जी वीस पिस्तुलं चोरून भारतात पाठवली, ती ब्राउनिंग पिस्तुलं होती. जॅक्सनच्या वधासाठी त्यातलंच पिस्तूल वापरलं गेलं आणि सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली तेव्हा ही पिस्तुलं त्यांच्यावरच्या आरोपांत आली.

ब्राउनिंग हे नाव ऐकून एखादी कंपनी डोळ्यांसमोर येते. पण हा एक माणूस होता. अमेरिकेतल्या एका आडबाजूच्या गावातल्या बंदूक दुरुस्तीवाल्याचा पोरगा. स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल, हा वाद आज जगभर चालतो, त्यातली पिस्तुलाची बाजू मुख्यतः या एका माणसानं उभी केली.

आधी फरक समजून घेऊ

सिनेमात आणि बातम्यांत रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल हे शब्द एकाच अर्थानं फिरत असतात. प्रत्यक्षात ही दोन वेगळी यंत्रं आहेत.

रिव्हॉल्व्हरमध्ये एक गोल फिरणारं चक्र असतं. त्यात साधारण सहा काडतुसांसाठी सहा घरं. चाप ओढला की चक्र फिरतं, पुढचं घर नळीसमोर येतं आणि बार उडतो. म्हणूनच आपल्याकडं जुने लोक त्याला सहाबारी म्हणायचे. सॅम्युअल कोल्टनं १८३६ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं आणि पुढची साठ वर्षं कमरेला लावायची बंदूक म्हणजे रिव्हॉल्व्हर असंच समीकरण होतं.

सेमी ऑटोमॅटिक पिस्तुलात चक्र नसतं. मुठीच्या आत काडतुसांचं मॅगझिन बसतं. एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्यानं वरचा भाग, म्हणजे स्लाइड, मागं जाते. रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते. परत येताना स्लाइड मॅगझिनमधलं पुढचं काडतूस उचलून नळीत बसवते. चाप मात्र दर गोळीला नव्यानं ओढावा लागतो.

म्हणजे रिव्हॉल्व्हरमध्ये पुढची गोळी तुमच्या बोटाच्या ताकदीनं समोर येते, तर पिस्तुलात ती आधीच्या गोळीच्या ताकदीनं येते. वादाचं मूळ इथंच आहे. पिस्तुलात एका काडतुसानं दगा दिला की पुढचं आपोआप येत नाही.

ऑग्डेनचं दुकान

जॉन मोझेस ब्राउनिंगचा जन्म जानेवारी १८५५ मध्ये युटा प्रांतातल्या ऑग्डेन गावी झाला. वडील जोनाथन बंदुका बनवायचे आणि दुरुस्त करायचे. घर मॉर्मन पंथाचं. जोनाथनला तीन बायका आणि बावीस मुलं होती. एवढ्या मोठ्या खटल्यात जॉनचं बालपण गेलं ते वडिलांच्या दुकानात, मोडक्या बंदुकांच्या ढिगाऱ्यात.

त्याचं शालेय शिक्षण जेमतेम झालं. पण मोडकी बंदूक हातात घेतली की ती का मोडली हे त्याला कळायचं. पोरवयातच त्यानं भंगारातले तुकडे जोडून पहिली बंदूक बनवली.

दुरुस्तीच्या दुकानात वाढल्याचा एक मोठा फायदा असतो. कारखान्यातला इंजिनिअर बंदूक नवीकोरी असताना बघतो. दुरुस्तीवाला ती चिखलात पडल्यावर, गंजल्यावर, अडकल्यावर बघतो. जॉननं पुढं जे काही बनवलं, त्यात कमी भाग, सहज सुटणारे भाग आणि घाणीत चालणारे भाग हा आग्रह सतत दिसतो.

१८७९ साली त्याला एका रायफलीचं पेटंट मिळालं. त्याच वर्षी वडील गेले. जॉन आणि भाऊ मॅथ्यू यांनी मिळून छोटा कारखाना टाकला. त्यांची रायफल विंचेस्टर या बड्या कंपनीच्या नजरेत आली. १८८३ मध्ये कंपनीचा अधिकारी टी. जी. बेनेट थेट ऑग्डेनला पोचला आणि त्यानं ८००० डॉलरला त्या रायफलीचे हक्क विकत घेतले.

तिथून जवळपास एकोणीस वर्षं हा सिलसिला चालला. जॉननं डिझाइन करायचं, विंचेस्टरनं एकरकमी पैसे देऊन विकत घ्यायचं. १८८६, १८९२, १८९४ या सालांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या विंचेस्टर रायफली त्याच्याच. त्यानं दिलेली कित्येक डिझाइन्स कंपनीनं बाजारात आणलीच नाहीत. ती दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून विकत घेऊन कपाटात ठेवली.

हलणारं गवत आणि पिस्तुलाची स्लाइड

१८८९ सालची गोष्ट. ऑग्डेनजवळ नेमबाजी सुरू होती. एक गोळी सुटली आणि नळीच्या तोंडासमोरचं गवत जोरात हललं. शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांनी ते पाहिलं असेल. जॉनच्या डोक्यात मात्र चक्रं फिरू लागली. गोळीमागून बाहेर पडणारा वायू नुसता वाया जातोय, त्याच ताकदीनं बंदूक स्वतःच स्वतःला पुन्हा भरू शकेल का?

या विचारातून आधी मशीनगन आली. कोल्ट कंपनीनं ती १८९५ मध्ये बाजारात आणली. मग जॉननं हाच विचार हातात मावणाऱ्या शस्त्रात उतरवायचं ठरवलं.

या क्षेत्रात तो एकटा नव्हता. जर्मनीत बोर्शार्टचं पिस्तूल १८९३ मध्ये आलं होतं, मॉझरचं १८९६ मध्ये. पण ती पिस्तुलं बोजड होती, गुंतागुंतीची होती. जॉननं नळीभोवती सरकणारी एकसंध स्लाइड बनवली. एकाच तुकड्यात झाकणही आलं, पुंगळी काढणंही आलं आणि नवं काडतूस भरणंही.

मोठ्या ताकदीच्या काडतुसासाठी त्यानं आणखी एक युक्ती काढली. गोळी सुटताना नळी आणि स्लाइड क्षणभर एकमेकांत अडकलेल्या राहतात. गोळी बाहेर पडली की नळी खाली उतरते आणि स्लाइड सुटी होऊन मागं जाते. आज जगातल्या बहुतेक मोठ्या पिस्तुलांत, अगदी ग्लॉकमध्येसुद्धा, हेच तत्त्व थोड्याफार बदलानं वापरलेलं आहे. या पिस्तुलांची पेटंटं त्याला १८९७ मध्ये मिळाली.

एका मृत्यूनं त्याला बेल्जियमला नेलं

१८९७ मध्येच बेल्जियमच्या फॅब्रिक नॅसिओनाल, म्हणजे एफएन कंपनीचा प्रतिनिधी हार्ट बर्ग अमेरिकेत आला होता. लिएज शहराजवळच्या हर्स्टलमध्ये हा कारखाना होता. मॉझर रायफली बनवण्यासाठी तो उभा केलेला, पण काम कमी पडलं होतं. बर्गला जॉनचं छोटं पिस्तूल दिसलं आणि करार झाला. ७.६५ मिमी काडतुसाचं हे पिस्तूल बेल्जियमच्या सैन्यानं १९०० साली स्वीकारलं.

ते खिशात मावायचं. रिव्हॉल्व्हरचं चक्र जाडजूड असल्यामुळं कोटाच्या खिशाला फुगवटा यायचा, हे मात्र सपाट होतं. युरोपात ते इतकं खपलं की फ्रेंच भाषेत ब्राउनिंग म्हणजेच पिस्तूल असा अर्थ रूढ झाला.

तिकडं अमेरिकेत जॉनचं विंचेस्टरशी बिनसलं. त्यानं स्वतःहून भरणारी शॉटगन बनवली होती. या वेळी त्याला एकरकमी पैसे नको होते, दर बंदुकीमागं रॉयल्टी हवी होती. बेनेटनं नकार दिला. इतक्या वर्षांचं नातं तिथंच तुटलं.

जॉन ती शॉटगन घेऊन रेमिंग्टन कंपनीत गेला. जानेवारी १९०२ मध्ये कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांच्या भेटीची वेळ ठरली. जॉन बाहेर वाट पाहत बसला होता. तेवढ्यात निरोप आला की हार्टली हृदयविकाराच्या झटक्यानं गेले.

मग त्यानं थेट जहाज पकडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा अटलांटिक पार करून हर्स्टल गाठलं. एफएननं त्याच्या अटी मान्य केल्या. पुढं उरलेलं आयुष्य तो ऑग्डेन आणि लिएज यांच्यामध्ये ये-जा करत राहिला.

रिव्हॉल्व्हर कमी पडलं, की काडतूस?

याच काळात अमेरिकन सैन्य फिलिपिन्समध्ये लढत होतं. दक्षिणेकडच्या मोरो लढवय्यांशी अगदी जवळून गाठ पडायची. सैनिकांकडं .३८ चं कोल्ट रिव्हॉल्व्हर होतं. गोळ्या लागूनही समोरचा माणूस थांबत नाही, अशा तक्रारी येऊ लागल्या. जुनी .४५ ची रिव्हॉल्व्हरं पुन्हा बाहेर काढावी लागली.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. तक्रार रिव्हॉल्व्हर या यंत्राबद्दल नव्हती, त्यातल्या कमजोर काडतुसाबद्दल होती. रिव्हॉल्व्हर की पिस्तूल या चर्चेत आजही हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात.

१९०४ मध्ये सैन्यानं थॉम्पसन आणि डॉक्टर लागार्ड या दोन अधिकाऱ्यांना चाचण्या घ्यायला लावल्या. शिकागोच्या कत्तलखान्यातल्या जनावरांवर आणि मानवी मृतदेहांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या गेल्या. निष्कर्ष निघाला की सैन्याचं काडतूस .४५ पेक्षा लहान नसावं. त्यांच्या अहवालात आणखी एक मुद्दा होता. गोळी मर्मावर लागली नाही, तर कुठलंच हातातलं शस्त्र माणसाला हमखास थांबवत नाही, म्हणून सैनिकांच्या नेमबाजीच्या सरावावर भर हवा. पहिला मुद्दा जगभर गाजला, दुसरा विसरला गेला.

जॉननं .४५ चं नवं काडतूस आणि त्यासाठी पिस्तूल बनवायला घेतलं. पुढची काही वर्षं चाचण्यांवर चाचण्या झाल्या. त्यात घोडदळानं एक अडचण मांडली. एका हातात लगाम आहे, घोडा उधळलाय आणि दुसऱ्या हातात ताणलेलं पिस्तूल आहे. चुकून चाप ओढला गेला तर? म्हणून अंगठ्यानं लावायचा सेफ्टी खटका बसवण्यात आला. मुठीच्या मागं आणखी एक सेफ्टी होती. मूठ घट्ट आवळल्याशिवाय पिस्तूल सुटणारच नाही, अशी.

शेवटच्या फेरीत कोल्टसाठी बनवलेलं जॉनचं पिस्तूल आणि सॅव्हेज कंपनीचं पिस्तूल समोरासमोर आले. एकाच पिस्तुलातून दोन दिवसांत ६००० गोळ्या झाडायच्या होत्या. पिस्तूल तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा सुरू. सॅव्हेजचं पिस्तूल ३७ वेळा अडलं. जॉनचं एकदाही अडलं नाही.

२९ मार्च १९११ रोजी अमेरिकन सैन्यानं ते स्वीकारलं. एम १९११ या नावानं ते १९८५ पर्यंत सैन्याचं मुख्य पिस्तूल राहिलं.

तरी रिव्हॉल्व्हर मेलं नाही

गंमत पुढं आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिका १९१७ मध्ये उतरली आणि एम १९११ कमी पडू लागली. मग सैन्यानं कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या कंपन्यांना रिव्हॉल्व्हरं बनवायला सांगितली, तीसुद्धा जॉनच्याच .४५ काडतुसासाठी. हे काडतूस रिव्हॉल्व्हरसाठी नव्हतंच, त्यामुळं तीन-तीन काडतुसं अर्धचंद्राच्या आकाराच्या पत्र्यात अडकवून भरावी लागायची. अशी सुमारे तीन लाख रिव्हॉल्व्हरं बनली. म्हणजे पिस्तुलाच्या काडतुसावर रिव्हॉल्व्हर युद्धात गेलं.

त्या युद्धाशी जॉनच्या नावाचं आणखी एक नातं आहे. जानेवारी १९१४ मध्ये एफएननं दहा लाख ब्राउनिंग पिस्तुलं पूर्ण झाल्याचा सोहळा केला. बेल्जियमच्या राजाकडून जॉनला मानाचा किताब मिळाला. पाच महिन्यांनी, २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत गाव्रिलो प्रिन्सिपनं ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या. ते पिस्तूल हर्स्टलमध्ये बनलेलं ब्राउनिंग होतं. ऑगस्टमध्ये जर्मन सैन्य लिएजमध्ये शिरलं.

भारतातही ही यादी नाशिकला थांबत नाही. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये चंद्रशेखर आझाद ज्या पिस्तुलानं लढले, ते .३२ चं कोल्ट जॉननंच डिझाइन केलेलं होतं. आज ते तिथल्या संग्रहालयात आहे.

कामाच्या टेबलावर शेवट

अमेरिका युद्धात उतरली तेव्हा जॉननं मशीनगन आणि स्वयंचलित रायफलही सरकारला दिली. रॉयल्टी घेतली असती तर त्याला कितीतरी पट जास्त पैसे मिळाले असते. त्यानं ७,५०,००० डॉलरवर विषय संपवला. विंचेस्टरशी रॉयल्टीसाठी संबंध तोडणाऱ्या माणसानं सैन्याकडून ती मागितली नाही.

१९२३ मध्ये भाऊ मॅथ्यू गेला. जॉन मात्र काम करत राहिला. आता त्याच्यासमोर फ्रेंच सैन्याची मागणी होती. त्यांना जास्त गोळ्या मावणारं पिस्तूल हवं होतं. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा आणि एम १९११ च्या मॅगझिनमध्ये सात, हा फरक तसा फार नव्हता. नव्या पिस्तुलात काडतुसं दोन रांगांत बसणार होती.

ते पूर्ण झालेलं पाहणं त्याच्या नशिबी नव्हतं. २६ नोव्हेंबर १९२६ रोजी एफएनच्या कारखान्यात काम करत असतानाच हृदय बंद पडून त्याचा मृत्यू झाला. मुलगा व्हॅल तिथंच होता. वय ७१. नावावर १२८ पेटंटं. त्याचा देह अमेरिकेला नेऊन ऑग्डेनमध्ये दफन करण्यात आला.

अर्धवट राहिलेलं पिस्तूल एफएनच्या ड्यूडोने सेव्हनं पूर्ण केलं. १९३५ मध्ये ते ब्राउनिंग हायपॉवर या नावानं आलं. ९ मिमीच्या तेरा गोळ्या. भारतीय सैन्य आणि पोलिसांच्या कमरेला दिसणारं ९ मिमीचं पिस्तूल, जे पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल फॅक्टरीत बनतं, ते याच हायपॉवरची भारतीय आवृत्ती आहे.

मग रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

सैन्यांनी पिस्तूल निवडलं तरी अमेरिकेतले पोलिस पुढची कित्येक दशकं रिव्हॉल्व्हरच वापरत होते. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत दोन सशस्त्र दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले, पाच जखमी झाले. बहुतेक एजंटांकडं रिव्हॉल्व्हरं होती आणि गोळीबार सुरू असताना ती पुन्हा भरणं जिकिरीचं झालं. त्यानंतर पोलिस दलं झपाट्यानं पिस्तुलाकडं वळली.

पण पोलिस आणि घरात एकटा असलेला नागरिक यांची गरज सारखी नसते.

रिव्हॉल्व्हरच्या बाजूनं सगळ्यात मोठा मुद्दा साधेपणाचा. काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. चक्र उघडलं की भरलेलं आहे की रिकामं, हे डोळ्यांना दिसतं. चाप जड असतो, त्यामुळं तो सहजासहजी ओढला जात नाही. पण तोच जडपणा नेम चुकवतो. गोळ्या मोजक्या आणि पुन्हा भरायला वेळ लागतो.

पिस्तूल सपाट, गोळ्या जास्त, मॅगझिन बदललं की तयार. पण त्याला चांगलं काडतूस लागतं, साफसफाई लागते आणि घट्ट पकड लागते. मनगट सैल राहिलं तरी स्लाइड पूर्ण मागं जात नाही आणि पिस्तूल अडतं. अडलेलं पिस्तूल मोकळं करायला हाताला सवय लागते, घाबरलेल्या माणसाला ते ऐनवेळी सुचत नाही. आणि सगळ्यात जीवघेणी चूक म्हणजे मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं समजणं. एक काडतूस नळीत बसलेलं असू शकतं.

भारतात हा प्रश्न आणखी मर्यादित आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणं परवाना लागतो. ९ मिमी हा प्रतिबंधित बोअर असल्यानं सामान्य परवानाधारकाला तो मिळत नाही. सरकारी कारखान्यांची नागरिकांसाठीची पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरं मुख्यतः .३२ ची. आकडा सारखा असला तरी काडतुसं वेगळी आहेत. पिस्तुलाचं .३२ हे जॉननं १८९९ च्या सुमारास बनवलेलं ७.६५ मिमीचं काडतूस. रिव्हॉल्व्हरचं .३२ स्मिथ अँड वेसनचं. एकाचं दुसऱ्यात वापरायचं नसतं.

२०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं महिलांसाठी म्हणून निर्भीक नावाचं ५०० ग्रॅमचं .३२ रिव्हॉल्व्हर आणलं. किंमत सुमारे सव्वा लाख. तेव्हा चर्चा झाली ती वजनाची आणि किमतीची. ते चालवायचा सराव कुठं आणि किती करणार, यावर फार कमी बोललं गेलं. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण घालून दिलं, ते याच कारणासाठी महत्त्वाचं आहे.

जॉनच्या पिस्तुलानं १९११ मध्ये बाजी मारली, ती जास्त गोळ्यांमुळं किंवा नव्या फॅशनमुळं नाही. ६००० गोळ्यांत एकदाही न अडल्यामुळं. परवाना असलेल्या माणसालाही तोच हिशोब लावावा लागतो. महिन्यातून एकदा रेंजवर जाणं, स्वतःच्या हातानं शस्त्र साफ करणं, घरातल्या पोरांच्या हाती लागणार नाही असं कुलूपबंद ठेवणं, हे ज्याला जमतं त्याला पिस्तूल चालेल. ज्याला एवढं जमणार नाही, त्याच्यासाठी रिव्हॉल्व्हर त्यातल्या त्यात साधं. पण कुलूप आणि सराव त्यालाही चुकलेले नाहीत.